घड्याळवाला सुटतो का?

कर्जतच्या वाचनालयात ती कादंबरी मीच मागवली होती, त्यामुळे पुढे जे झालं त्याबद्दल तक्रार करायला मला तोंड नव्हतं. तरी मी करत असे. घरी आईकडे करत असे, रस्त्यात मैत्रीण भेटली की तिच्याकडे, आणि कुणीच सापडलं नाही तर भांडी घासताना स्वतःशीच बडबडत असे. अहो, जगभरच्या शहाण्या माणसांनी डोक्यावर घेतलेली कादंबरी, आणि आमच्या वाचकांची मतं ऐकली असती तर लिहिणाऱ्यानं पुन्हा हातात लेखणी धरली नसती!

मी तेव्हा नगरला बी.ए. करून नुकतीच घरी परतले होते. शाळेत नोकरी मिळेल मिळेल म्हणत वर्ष गेलं होतं. वाचनालयाचे जुने ग्रंथपाल मुलाकडे पुण्याला निघून गेले, आणि 'तोवर पोरीनं तरी बसावं' असं ठरून मला तिथं बसवलं गेलं. बसवलं हाच शब्द खरा. दुष्काळाचं साल होतं. गावातली निम्मी माणसं खडी फोडायच्या कामावर, आणि उरलेली माणसं काम नाही म्हणून वाचनालयाच्या बाकांवर. वाचनालयात येणाऱ्यांची संख्या कधी नव्हे ती वाढली होती. पुस्तकं मात्र तीच, पानं सुटलेली.

त्या वर्षी पुस्तकांचं पार्सल आलं त्यात मी सांगितलेली ही कादंबरी होती. इंग्रजीतून मराठीत केलेली. कॉलेजात आमच्या सरांनी एका तासाला तिची गोष्ट सांगितली होती, आणि माझ्या अंगावर काटा आला होता. मी पार्सल फोडलं आणि नको तेवढं कौतुक केलं. झालं, प्रत्येकाला ती आधी हवी. प्रत एकच. वाचनालयाचे अध्यक्ष निवृत्त तलाठी होते, आणि गावात आजही त्यांचाच शिक्का चालतो अशा थाटात ते वावरत. त्यांनी हुकूम काढला, की रोज संध्याकाळी वर्तमानपत्राचं जाहीर वाचन होतंच, त्याला जोडून पुस्तकही मोठ्यानं वाचावं. कोण वाचणार? मी.

गोष्ट अशी. एक शहर आहे. तिथल्या प्रत्येक माणसानं रोज संध्याकाळी गल्लीच्या टोकाच्या सरकारी खिडकीसमोर उभं राहायचं आणि आज आपण काय केलं, कुणाशी काय बोललो, मनात काय काय आलं, ते सांगायचं. आतला माणूस दिसत नाही, त्याचा नुसता आवाज येतो. खाणं कुपनावर, पाव सरकारी. घराच्या भिंतींत नळ्या बसवलेल्या, त्यांतून घरातलं बोलणं थेट खिडकीपर्यंत जातं. या शहरात घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस राहतो. साधा, एकटा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एके संध्याकाळी खिडकीतून त्याला विचारतात, आज काय केलंस? आणि तो म्हणतो, सांगणार नाही. एवढाच त्याचा गुन्हा. त्याला धरून नेतात, कोठडीत ठेवतात, आणि मग त्याचं मन, त्याच्या आठवणी, शेवटी त्याचं नावसुद्धा त्याच्याकडून कसं काढून घेतात त्याची पुढची सगळी कादंबरी.

पहिल्या संध्याकाळी खिडकीचं प्रकरण वाचून मी थांबले. मला वाटलं, आता शांतता पसरेल.

"व्यवस्था चांगली आहे," तलाठीसाहेब म्हणाले.

"काय?"

"नोंद पाहिजे. नोंद नसली की सगळा घोळ होतो. मी चाळीस वर्षं हेच सांगत आलो. पण मला सांग, गावाला खिडक्या किती? दर इसमाला किती वेळ? आणि सांगितलेल्या मजकुराखाली सही-अंगठा घेतात का? तसं काही लिहिलेलं दिसत नाही. तोंडी कारभार आहे हा. टिकायचा नाही."

मी म्हटलं, "साहेब, माणसाच्या मनात काय आलं ते सरकारला सांगायचं, हे भयंकर नाही का?"

"मनातलं कोण खरं सांगतंय?" ते म्हणाले. "आमच्याकडे लोक विहिरीची खोली खरी सांगत नव्हते."

दुसरे होते किराणा दुकानाचे शेठ. स्वस्त धान्याचं दुकानही त्यांच्याकडेच होतं, आणि त्या साली गावात त्यांच्याएवढा मान कलेक्टरलाही नव्हता. आम्ही सगळे तांबडी मिलो ज्वारी खात होतो, परदेशातून आलेली, तिची भाकरी तव्यावर टाकताच भेगाळायची. शेठ पोटावर हात ठेवून ऐकायचे, डोळे मिटून. मला वाटायचं झोपलेत. पण पावाचा उल्लेख आला रे आला की डोळे उघडायचे.

"कुपनावर रोज पाव मिळतो म्हनता?"

"हो शेठ. पण..."

"रोज? एक दिस बी खाडा न्हाई?"

"नाही."

"मग त्या घड्याळवाल्याची तक्रार काय हाय?"

मी समजावलं, की शेठ, पोट भरलं तरी माणसाला बोलायची, गप्प राहायची मोकळीक नको का? ते म्हणाले, "पोट भरल्यावर मानूस आपसूक गप बसतो." आणि पुन्हा डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटले तेव्हा विचारलं, की तिथल्या पाववाल्याला पोत्यामागं सुटतं किती, ते पुस्तकात पुढं कुठं आलंय का.

गाढवापुढं वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता, असं म्हणतात ते खोटं नाही. मी रोज रात्री आईला सांगे, उद्यापासून वाचणार नाही. आई म्हणे, बरं.

तिसरी माझी आत्या. लग्नाची मुलगी संध्याकाळच्या वेळी बाप्यांच्या घोळक्यात बसून मोठ्यानं वाचणार, तर सोबत कुणीतरी हवं, म्हणून वडिलांनी तिला माझ्याबरोबर धाडलं. ती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसे, मांडीवर कापूस, हातानं वाती वळणं चालू. आपल्याला हे इंग्रजी काही कळत नाही, असं पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं, आणि मग सगळ्यांत जास्त तीच बोलली.

"भिंतीत नळ्या कशाला बसवल्या गं?"

"घरातलं बोलणं ऐकायला, आत्या."

"अगं बाई! एवढा खर्च? आपल्या गल्लीत कुणाच्या घरी आमटीला फोडणी कशाची पडली ते नळीवाचून कळतं की. तिथं बायका नाहीत का शेजारी?"

सगळे हसले. मीही हसले असते, पण मला राग आला होता. मग तिनं घड्याळवाल्याची चौकशी केली. वय काय, लग्न झालंय का. नाही म्हटल्यावर मान हलवली. "तरीच! घरी वाट बघणारं कुणी असतं तर कशाला असलं उलटं बोलला असता? सांगायचं काहीतरी. आज घड्याळं नीट केली, घरी आलो, जेवलो. त्यांनाही बरं, आपल्यालाही बरं."

आणि आत्यानंच तो नियम आणला, ज्यापायी माझ्या घशाला कोरड पडली. तिचं सगळं आयुष्य पोथ्या ऐकण्यात गेलेलं. पोथी वाईट जागी मिटायची नाही, ही तिची शिस्त. कुणी रणात पडलं, कुणाला शाप लागला, कुणी रानात एकटं राहिलं, तर तिथं थांबायचं नाही. त्या माणसाचं काहीतरी बरं होईपर्यंत पुढं वाचत जायचं, मगच पोथीला नमस्कार करून ती फडक्यात बांधायची. नाहीतर दुसऱ्या दिवशी पोथी उघडेपर्यंत तो जीव तिथंच अडकून राहतो, असं ती म्हणे.

आता पोथीत बरं होतं हो! देव धावून येतो, उःशाप मिळतो. या कादंबरीत काय डोंबल बरं व्हायचंय? घड्याळवाल्याला पकडलं, तिथं मी पुस्तक मिटायला गेले तर आत्या ओरडली, "मिटू नकोस! त्याला हातकड्या घातल्यात!" पुढं वाचलं तर गाडीत कोंबला. आणखी पुढं वाचलं तर कोठडी. अंधार पडत आला, वाचनालयातला दिवा मिणमिणायला लागला, आणि बरी जागा काही सापडेना. शेवटी पहारेकऱ्यानं दाराखालून पाण्याचा कटोरा सरकवला असं एक वाक्य आलं. "हां, पाणी मिळालं. आता मिट," आत्या म्हणाली. तलाठीसाहेबांनीही मान डोलावली. त्यानंतर रोज हेच. घड्याळवाल्याला कढत कांजी मिळाली, की मिट. खिडकीतून उन्हाची तिरीप आली, की मिट. एकदा तर नुसता पहारेकरी शिंकला, आणि तेवढ्यावर आत्यानं समाधान मानलं. माझे अक्षरशः नाकी नऊ आले होते. मी मनात म्हणायची, लिहिणाऱ्यानं जीव तोडून कोठडी उभी केली, आणि आमची माणसं त्यात कांजी शोधत बसलीत.

वाचनालयाच्या ओट्यावर, खिडकीच्या बरोबर खाली, एक शिंपी मशीन मांडून बसत. सगळा गाव त्यांना चाचा म्हणे. पांढरी दाढी, गळ्यात टेप, नाकावर घसरलेला चष्मा. शाळेचे गणवेश, सदरे, पायजमे. दुष्काळात नवे कपडे कोण शिवतो? तेव्हा जुन्याला ठिगळं लावणं आणि उसवलेलं टाचणं एवढंच चालायचं. वाचन चालू असताना मशीनची खडखड खालून येत राही. मला त्याचाही राग यायचा. दोनदा मी खिडकीतून वाकून म्हटलंही होतं, "चाचा, जरा हळू!" ते हसून पाय काढून घेत, आणि थोड्या वेळानं खडखड पुन्हा सुरू होई.

चाचांचा एकुलता मुलगा फौजेत ड्रायव्हर होता. एकाहत्तरच्या लढाईत तो पश्चिमेच्या सरहद्दीवर होता. लढाई संपल्यावर घरी तार आली: बेपत्ता. मेला असंही नाही, धरला असंही नाही. चाचा नगरला फौजेच्या कचेरीत जाऊन आले, पुण्याला जाऊन आले. सगळीकडे एकच उत्तर, कळलं की कळवू. ते आजवर कुणी कळवलेलं नाही. मी हे लिहितेय तोवर त्या मुलाचा पत्ता लागलेला नाही, आणि आता लागायचाही नाही. पण तेव्हा आम्हाला हे ठाऊक नव्हतं. तेव्हा गावात बोलणं होतं, की आपले काही जवान तिकडे कैदेत आहेत, आणि आज ना उद्या त्यांना सोडतील.

घड्याळवाल्याला पकडून नेल्याचं मी वाचलं, त्या संध्याकाळी खालची खडखड थांबली ती थांबलीच. आम्ही पाण्याच्या कटोऱ्यापाशी पुस्तक मिटलं, आणि बघते तर चाचा दारात उभे. कधी आत न येणारा माणूस. चपला बाहेर काढून ठेवलेल्या.

"बेटी, त्येला मारत्यात का तिथं?"

मी म्हटलं, "अजून तसं आलेलं नाही, चाचा."

"थंडी हाय का तिकडं?"

"हो. कोठडी गार आहे असं लिहिलंय."

"अंगावर काय दिलंय? कापड कसलं हाय?"

मी पानं चाळली. कोठडी किती बाय किती, भिंतीचा रंग, दिवा, कुलूप, सगळं होतं. कपड्यांबद्दल एक अक्षर नाही. "लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"येवढं तरी लिवायला पायजे हुतं," चाचा म्हणाले. "वाचनाऱ्याच्या जिवाला घोर लागतो."

दुसऱ्या दिवसापासून ते आत येऊन बसू लागले, दाराजवळ, भिंतीला टेकून. मशीनवर टोपण घालून यायचे. वाचन संपलं की एकच प्रश्न विचारत. "सुटतो का त्यो?" मी म्हणे, "पुढं आहे, चाचा." मला शेवट माहीत होता, आणि तो यांच्यासमोर कसा वाचायचा या विचारानं माझी झोप उडाली होती. घड्याळवाला त्यांच्यासाठी कोण झाला होता ते सगळ्यांना दिसत होतं. तरी कुणी बोलत नव्हतं, आणि आमच्या गावात कुणी न बोलणं म्हणजे नवलच.

बोलले ते शेठ. एकदा चाचा यायच्या आधी, आळस देता देता म्हणाले, "म्हाताऱ्याला उगा घोर. त्येच्या पोराला तिकडं काय तरास असनार? तिकडं सगळी त्येच्याच धर्माची मानसं."

मी काही बोलायच्या आत आत्यानं वातीचा कापूस खाली ठेवला. "शेठ, तुमच्या घरचं एक तरी पोर गेलंय का लढाईवर? नाही ना? मग तराजू धरा आणि गप बसा. तो पोरगा जाताना माझ्या पाया पडून गेलाय. कुणाची माणसं म्हणे!"

खाली ओट्यावर मशीन चालू होतं. ते मध्येच थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. चाचांनी ऐकलं असणार. त्या दिवशी ते जरा उशिरा आत आले, आणि शेठनी त्यांच्यासाठी बाकावर जागा केली. चाचा तिथं बसले नाहीत, नेहमीच्या जागी दाराशीच बसले.

शेवटचं प्रकरण जवळ आलं तसं तलाठीसाहेबांनी मला दुपारी बोलावलं. शेठ होते, आत्याही होती. जणू समितीची बैठकच. "शेवट काय आहे?" साहेबांनी विचारलं. मी सांगितला. मग साहेब म्हणाले, "असं चालणार नाही. बदल."

"काय बदलू?"

"शेवट. तू वाचताना वेगळं वाच. कुणाला कळतंय?"

आणि मग काय सांगू, तिघांनी तीन शेवट काढले! साहेबांच्या शेवटात वरून मोठा अधिकारी येतो, कागदपत्रं तपासतो, चुकीची अटक झाली म्हणून खालच्यांना निलंबित करतो आणि घड्याळवाल्याला दाखला देऊन सोडतो. शेठच्या शेवटात पहारेकऱ्याला काहीतरी चारून तो रात्रीच्या गाडीत बसतो. आत्याच्या शेवटात तो घरी येतो आणि शेजारच्या बाईच्या पुतणीशी त्याचं लग्न लागतं. शेजारची बाई कादंबरीत होती, तिची पुतणी आत्यानं घरून आणली होती.

माझा तोल सुटला. मी म्हटलं, "हे पुस्तक आहे, वरण नाही, हवं तसं फोडणीला टाकायला! त्या माणसानं एवढं मोठं खरं लिहून ठेवलंय, आणि तुम्हाला त्यात लग्न लावायचंय? मी खोटं वाचणार नाही. वाचायचं असेल तर तुम्ही वाचा."

"खरं वाचून कुणाचं भलं होणारे?" आत्या म्हणाली. "त्या म्हाताऱ्याकडे बघ एकदा."

"त्यांच्याकडे बघूनच सांगते. उद्या खरी बातमी येईल तेव्हा ती कोण बदलणार आहे? तुम्ही?"

हे मी बोलले खरी, आणि बोलल्याक्षणी मलाच वाईट वाटलं. आत्या उठून गेली. घरी आल्यावर माझ्याशी बोलली नाही, भाकरी मात्र ताटात वाढली. मी पुस्तक उघडून बसले. शेवटची पानं चारदा वाचली. खोटं सांगते असं समजू नका, पण त्या लेखकाचा मला त्या दिवशी भयंकर राग आला. लांब कुठंतरी बसून लिहून मोकळा झाला. दाराशी बसलेल्या माणसाला तोंड द्यायचं ते मी.

शेवटच्या प्रकरणाच्या संध्याकाळी थंडी पडायला लागली होती. चाचा लवकर आले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. दाराशी बसले आणि चष्मा पुसला. आत्याही आली, माझ्याकडे न बघता कोपऱ्यात बसली. वाती वळायला कापूस घेतला नाही.

मी वाचलं. एक अक्षर न बदलता वाचलं. कोठडीचं दार उघडतं. घड्याळवाल्याला त्याचे जुने कपडे परत देतात. आवाज म्हणतो, जा. तो बाहेर पडतो, शहरातून चालत जातो. पाय त्याला त्याच्याच गल्लीत आणून सोडतात. तो आपल्याच घरासमोर उभा राहतो आणि शेजारच्या बाईला विचारतो, इथं कोण राहायचं? ती घाबरत घाबरत त्याचंच नाव सांगते. तो थोडा वेळ विचार करतो आणि म्हणतो, या नावाचं मी कुणाला ओळखत नाही. संध्याकाळ झालेली असते. गल्लीच्या टोकाला खिडकीसमोर रांग लागलेली असते. तो जाऊन रांगेत उभा राहतो. संपलं.

"संपलं?" शेठ म्हणाले. "आँ? ह्ये काय झालं? फशिवलं की!"

"निकाल कुठंय?" तलाठीसाहेब म्हणाले. "चूक कुणाची ठरली? प्रकरण असंच मिटवलं?"

आत्या पदरानं डोळे पुसत होती, आणि पुसता पुसता माझ्याकडे असं बघत होती, की कादंबरी जणू मीच लिहिली. मी चाचांकडे बघितलं नाही. बघवेना. पुस्तक मांडीवर उघडंच होतं.

"सोडला ना?" चाचा म्हणाले.

मी वर बघितलं. त्यांचा चेहरा उजळला होता. अगदी खरं सांगते, उजळला होता.

"चाचा, सोडला म्हणजे..."

"जा म्हनले ना त्येला? दार उघडलं ना?"

"उघडलं. पण चाचा, तुम्हाला कळलं का काय झालं ते?" माझा आवाज चढला. मला आवरेना. एवढे दिवस एवढं घसा फोडून वाचलं, आणि या माणसानं, ज्याच्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता, त्यानं गोष्टच उलटी ऐकली! "अहो, त्याला सोडलं कारण त्याच्यात सोडायला काही उरलंच नव्हतं! त्याला त्यांनी संपवलंय. हा शेवट सगळ्यात वाईट आहे, चाचा. मेला असता तर बरा, इतका वाईट. त्याला आपलं घर ओळखता येत नाही. स्वतःचं नाव आठवत नाही!"

आत्या म्हणाली, "बास गं." मी थांबले.

चाचांनी माझं सगळं ऐकून घेतलं, शिंपी माप ऐकून घेतो तसं, मान खाली घालून. मग विचारलं, "कपडे त्येचेच दिले ना परत?"

"हो."

"चालत आला? कुनी धरून आनला न्हाई?"

"चालत आला."

"गल्ली बराबर घावली त्येला?"

"घावली, पण चाचा..."

"मग नावाचं काय येवढं, बेटी?" ते उठता उठता म्हणाले. भिंतीला हात टेकून उठले, गुडघ्यांचा आवाज झाला. "नाव आपल्याला म्हाईत हाय की. इसरला आसंल तर आपून सांगू त्येला. रोज सांगू. त्यो दारात येऊन उभा तर राहू दे."